शीड कोणी उतरवलं

बाबा, तू जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुझ्याहून म्हातारी झाले. दुसरीपर्यंतच शिकलेय, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आज सोसायटीत झेंडावंदन होतं. सेक्रेटरीने माइकवर विचारलं, "आजी, तुमचे वडील म्हणे लढाईत बोटीवर होते?" नातसुनेने त्याला सांगून ठेवलेलं. मी म्हणाले, होते. "मग शहीद झाले?" पार्किंग भरून माणसं बसलेली, पोरंटोरं कधी नव्हे ती गप्प. मी मान हलवली. मान हलवायला जीभ लागत नाही, म्हणून सोपं गेलं. टाळ्या पडल्या, शाल आली, नारळ आला, गेटजवळ तुझ्या नावाचा फलक लावायचं जाहीर झालं. आणि तू तर घरात, खाटेवर, खोकून खोकून मेलास. थुंकीचा डबा मीच धुवायचे.

मला काय ठाऊक नव्हतं? गलबत आपल्या खाडीतून मीठ घेऊन मलबारला जायचं आणि कौलं भरून यायचं. ना तोफ, ना बंदूक. लढाईतल्या त्या फेरीला परत येताना पाण्यातून लोखंडी पाठ वर आली. पाणबुडी तुम्ही कोणी कधी पाहिलेली नव्हती. गलबत हाकणारा तुमचा तांडेल म्हणाला, "सरकारची बोट हाय, मान दे." मान द्यायचा म्हणजे शीड खाली घ्यायचं, गलबतवाल्यांची रीतच ती. दोरी तुझ्या हातात होती. तू शीड उतरवलंस, गलबत जागीच थांबलं, आणि ती बोट निघाली जपान्यांची; त्यांनी ते उभं गलबत आरामात फोडलं. पळालं असतं तरी फोडलंच असतं, हे सांगून सगळा गाव थकला. तू फळी धरून वाचलास. तांडेल कौलांबरोबर खाली गेला.

लहानपणी आपल्या बोनकोड्याच्या विहिरीवर मी पोरींना सांगितलं होतं, माझ्या बापाने लढाई मारली. ते तुझ्या कानावर आलं. मारलं नाहीस. मनगट धरून तांडेलाच्या बायकोच्या चुलीपुढे उभं केलंस. ती तांदळाची भाकर थापतेय, निखाऱ्यावर बोंबील, धुराने माझे डोळे झोंबतायत. तू म्हणतोस, "सांग हिला, शीड कोनी उतरवलं." मी म्हणते, "बाबानं." ती वळूनही बघत नाही. "आमच्या ह्यांनी सांगितलं, तू उतरवलंस. माझ्या चुलीपुढं आता काय कोर्ट भरवतोस? बस, भाकर खा." तू बसला नाहीस. मी बसले, पोटभर खाल्लं.

तोच धडा, तीच पोरगी, आणि केस पिकल्यावर पुन्हा नापास. तू सरकार समजून शीड उतरवलंस, मी माइक बघून. तुला निदान माहीत तरी नव्हतं.

दुपारी सेक्रेटरीला वर बोलावून सगळं सांगितलं, शाल हातात दिली. वाटलं, चिडेल. चहा गार होईपर्यंत ऐकत बसला बिचारा. मग म्हणाला, "टेन्शन नका घेऊ आजी. जे बुडाले त्यांचं नाव टाकू की. तांडेलांचं नाव काय?"

मी म्हणाले, आठवून उद्या सांगते.

आठवायला आधी माहीत असावं लागतं. तू तांडेल म्हणायचास, आई तांडेल म्हणायची, आणि ती बाई नवऱ्याचं नाव घेणाऱ्यातली नव्हती. मूलबाळ नव्हतं तिला. ती गेली, घर पाडून वर इमारत झाली, आणि गावात विचारावं असं म्हातारं माणूस आता मीच. तिच्या हातची भाकर खाल्ली, पण तिच्या माणसाचं नाव काय होतं, हे विचारावंसं एकदाही वाटलं नाही. माझ्या बापाचंच तेवढं मोठं करायचं होतं ना.

तेवढं एक नाव विचारायलाच हा कागद घेतला होता. उत्तर येणार नाही, मी काही वेडी नाही. घडी करून पापडाच्या डब्यात ठेवते. शाल परत गेली, पण नारळ नाही देता आला. तो सकाळी आल्या आल्याच फोडून चटणी केली होती. गोड निघाला.