बायडाआत्याच्या दारातला चहा

२५ नोव्हें. ९६, सांगली

जॉइन झाले. टेबल मिळालं. पंखा आहे, फिरत नाही.

काम असं: संस्थेनं दोन वर्षं कडेगाव-आटपाडीकडच्या गरीब वस्त्यांमध्ये डायबेटिसवर जे काम केलं, त्याचा लोकांना खरंच उपयोग झाला का ते तपासायचं, आणि इंग्लिशमध्ये रिपोर्ट लिहायचा. पैसे देणारे पुण्याचे पाहुणे जानेवारीत येणार, त्याआधी.

मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कॉन्व्हेंटच्या का तुम्ही? वा. पाहुण्यांना आवडेल असं लिहा."

लिहिते ना. असं लिहिते की जन्मभर लक्षात राहील.

मी कोण हे त्यांना माहीत नाही. आत्याचं आडनाव सासरचं, माझं पापांचं. त्यात मी फौजी पोरगी, कॅन्टोन्मेंटच्या शाळांतली. माझं मराठी ऐकून कुणाला वाटणार नाही की कडेगावच्या अलीकडच्या त्या वस्तीतली बायडाआत्या माझ्या बापाची सख्खी बहीण आहे. आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. आणि तो कुणामुळे नाही.

बोलता बोलता त्यांनी बॅगेतून लाल थर्मास काढला. स्वतःपुरता चहा ओतला. मला विचारलंसुद्धा नाही. आजपासून या डायरीत त्यांचं नाव थर्मास.

२८ नोव्हें.

थर्मासच्या केबिनमध्ये भिंतीवर तक्ता. पहिल्या कॅम्पला वस्तीतल्या लोकांची साखर: उंच लाल खांब. वर्षानं दुसरा कॅम्प: बुटके हिरवे खांब. थर्मास पेन्सिलीनं टकटक करत म्हणाला, "यू सी? एका वर्षात! अडाणी लोक, पण आपण शिस्त लावली."

मी विचारलं, मधेच सोडून गेलेले किती?

"आहेत एकदोन. एक बाई होती, पायच गमावला शेवटी. अशा बायका ऐकतच नाहीत हो. तोंडावर ताबा नाही."

मी वहीत लिहून घेतल्यासारखं केलं. पेन इतकं दाबलं की निब वाकडं झालं. पापांनी बारावीला दिलेलं पेन. तेही याच्याच खात्यावर.

१ डिसें., आत्याकडे

रविवार. सांगली–विटा–कडेगाव, एसटी. उतरून चालत.

आत्या दारातच बसलेली, कुबड्या भिंतीला. मला बघून ओरडली, "आली गं आली, इंग्रजी भाची आली!"

तो पहिला कॅम्प तिच्याकडून पुन्हा सगळा ऐकला. तिच्याच दारात मंडप होता. सगळी वस्ती जमलेली. थर्मासनं तिचं रक्त तपासलं, आकडा बघितला आणि माईकवर म्हणाला, "हिला विचारा, रोज किती किलो साखर खाते!" लोक हसले. आत्याचे व्याही आलेले, तेही हसले.

ती परत गेली नाही. गोळ्या घेतल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात चपलेनं अंगठ्याला घासलं, कळलंच नाही. मग काळं. मग मिरजेला नेलं. मग पाय.

मला रडू आलं तर ही म्हणते, "रडती कशापायी? चपलेचा खर्च निम्मा झाला."

चहा ठेवला. मी म्हटलं, नको आत्या. तर म्हणाली, "च्या घ्याचा नसंल तर आलीस कशाला? माझ्या दारातनं आजपतोर कुणी बिनच्याचं गेलं न्हाई. एक त्यो डागदर सोडला तर. जीपमदी बसून आपल्या डब्यातलं पीत हुता."

मग तिच्या लहानपणचं. गावातल्या हॉटेलात वस्तीतल्या लोकांचा कप वेगळा. बाहेर वळचणीला खोचलेला. आपणच काढायचा, प्यायचा, आपणच विसळायचा, परत खोचायचा. हे ती असं सांगते, जसं कुणी पावसापाण्याचं सांगावं. मी पापांकडून कधीच ऐकलं नव्हतं हे.

चहा प्यायले. लय गोड.

३ डिसें.

मंगळवार. ऑफिसच्या जीपमधून वस्तीत. मुल्लाचाचा ड्रायव्हर. दर मंगळवारी ते गोळ्या पोचवतात. वस्तीतलीच शालन नावाची मुलगी वाटते, संस्था तिला थोडे पैसे देते.

आत्याला आधीच सांगून ठेवलेलं, ओळख दाखवायची नाही. तिनं इतकी नाही दाखवली की माझ्याकडे बघेचना. शालन म्हणाली, "ह्या नव्या मॅडम." आत्या म्हणाली, "असतील."

गोळ्या झाल्यावर बायका समाजमंदिरात गोल करून बसतात आणि एकमेकींचे तळपाय बघतात. उलटे धरून, उजेडाकडे करून. आत्याचा पाय गेल्यावर तिनंच हे सुरू केलं म्हणे, शिव्या घालून. थर्मासच्या कुठल्याच कागदात हे नाही.

रखमा म्हणून एक आहे, शेतात भांगलणीला, तण काढायला जाते, तोंडाची फटकळ. शालनचा पाय धरून म्हणाली, "काय गं ह्या भेगा, ह्यात तर कोंबडी अंडी घालंल."

सगळ्या हसल्या. कुणाच्याच पायाला जखम नाही. मला हे आवडलं, आणि आवडलं याचा राग आला. मी इथं काही चांगलं शोधायला आलेले नाही.

१० डिसें.

सापडलं. सापडलं. सापडलं.

आज परत मंगळवार. गोळ्या वाटून झाल्यावर मी रखमाला सहज विचारलं, पहिल्या कॅम्पला तुम्ही उपाशी आला होता ना? साखर काही न खातापिता तपासायची असते.

"व्हय की. काय बी खाल्लं न्हवतं. निस्ता च्या."

मी म्हटलं, चहा?

"आवं, डागदर सात वाजता येतो म्हणला न् धा वाजता आला. माणसं ताटकळली. बायडाक्कानं पातेलं चढीवलं. सगळ्यास्नी कप कप. कुणी दोन. दारात आल्याली माणसं तशीच ठेवायची व्हय?"

"पण काही प्यायचं नव्हतं ना?"

"च्या म्हंजे काय खाणं हाय का मॅडम?"

आणि दुसरा कॅम्प? गावातल्या शाळेत झाला. तिथं वस्तीतल्या लोकांना चहा कोण देणार. खरोखरच उपाशी बसले बिचारे.

म्हणजे लाल खांब = आत्याचा चहा. हिरवे खांब = चहा नाही. थर्मासची शिस्त म्हणजे एवढीच!!

आणि त्याला का कळलं नाही? तो जीपमध्ये बसून स्वतःचा डबा पीत होता म्हणून. एक कप, फक्त एक कप आत्याच्या हातचा घेतला असता, तर तिथल्या तिथं कळलं असतं की सगळी माणसं गोड चहा पिऊन बसली आहेत.

जीपमध्ये मी एकटीच हसत होते. मुल्लाचाचा म्हणाले, "काय बेटा, लॉटरी लागली?"

म्हटलं, हो.

१२ डिसें.

रिपोर्टचा तो भाग लिहून झाला. एकटाकी. माझं इंग्लिश याच दिवसासाठी होतं बहुतेक. थर्मासचं नाव एकदाही नाही, आणि प्रत्येक वाक्य त्याच्या गळ्यात.

पाहुण्यांसमोर मीच वाचणार. माईकवर. माईक पाहिजेच. मध्येच थांबून विचारेन, "सर, तुम्ही त्या दिवशी चहा कुठं प्यायलात?" लोक हसतील. त्याचे व्याही तिथं असते तर किती बरं झालं असतं.

दोनदा आरशासमोर वाचलं.

१५ डिसें., आत्याकडे

वाटलं होतं, उड्या मारेल. म्हणजे एका पायावर का होईना. (तिनंच शिकवलेत असले जोक.)

तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. मग हळू म्हणाली, "म्हंजे माझ्या च्यानं समद्यांची साखर वाडली?"

"तसं नाही गं—"

"मग माझी बी च्यानंच वाडली असंल. मला न्हवतीच."

सांगितलं, आत्या, तुला होती, आहे. चहानं त्या दिवशी थोडी जास्त दिसली एवढंच. म्हणाली, बरं. पण बराच वेळ पातेल्याकडे बघत होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाण सोडला थर्मासवर, आणि पहिला लागला हिला.

तेवढ्यात रखमा आणि शालन आल्या. मी आत्याची भाची हे त्यांना कळलेलंच होतं. (वस्तीत काय लपतंय. आत्या नाक सेम आहे म्हणते.) शालन सगळं ऐकून म्हणाली, "ताई, मग पाहुणे पैसे बंद करतील? मंगळवारच्या गोळ्या?"

मी म्हटलं, खरं ते लिहायला नको का?

रखमा भडकली. "तुमचं खरं सांगलीत ऱ्हाणार. माझ्या गोळ्या बंद झाल्या तर मी काय तुमचं इंग्रजी गिळू सकाळी-संध्याकाळी?"

मी म्हटलं, त्यानं आत्याचा काय अपमान केला माहीत आहे ना?

"मी तितंच हुते. मी बी हसले हुते," रखमा म्हणाली. आत्याकडे न बघता.

मग आत्या म्हणाली, "तुजं कागदाचं तू बग पोरी. त्येला माईकवर लोकं हसली, त्यानं माझं काय व्हनार? मला त्यो हितं पायजे. माझ्या दारात. माझा च्या पेताना."

१६ डिसें.

आत्याचं म्हणणं मला लहान वाटतंय. एक कप चहा? पायाच्या बदल्यात?

पण रखमाचं वाक्य डोक्यातून जात नाही. काम चांगलं आहे की वाईट? मंगळवारच्या गोळ्या चांगल्या. पाय बघणं सगळ्यात चांगलं. थर्मास वाईट. तक्ता खोटा. हे सगळं एका रिपोर्टमध्ये कसं... तक्ता पाडला की त्याखाली रखमा सापडते.

माणूस सुटा काढून ठेचता यायला पाहिजे होता.

४ जाने. ९७, सातारा

थर्मासचं सातारला भाषण, मोठ्या लोकांसमोर. तोच तक्ता, पडद्यावर. टाळ्या. मला उभं करून ओळख: "आमच्या तरुण सहकारी." मी हसून नमस्कार केला. इतका खोटा नमस्कार आयुष्यात केला नव्हता.

परत येताना कऱ्हाडला थांबलो. थर्मास जीपमध्येच, आपला डबा घेऊन. टपरीवर मी मुल्लाचाचांना विचारलं, त्यात काय असतं ओ? काढा-बिढा?

"काढा कसला! च्याच हाय, घरचा. दोन चमचं साखर घालून. वैनी माझ्यासमोर भरत्यात."

म्हणजे चहा चालतो. आत्याचा चालत नाही.

तिथंच ठरवलं. आत्या म्हणते तेच.

८ जाने.

पुण्याच्या पाहुण्यांतल्या मुख्य बाईंना ऑफिसातून फोन लावला, थर्मास बाहेर असताना. हॉलमध्ये रिपोर्ट वाचायच्या कार्यक्रमाआधी एकदा वस्तीत येता का? जिथं पहिला कॅम्प झाला त्याच दारात बसू. बाई खूश. "असंच पाहिजे होतं मला!"

थर्मासला कळल्यावर कपाळाला आठ्या. "कशाला? तिथं बसायला काय आहे?"

आहे सर. सगळं आहे.

१८ जाने., आत्याकडे

झालं.

पुण्याच्या बाई आणि त्यांच्याबरोबरचे दोघं, थर्मास, मी. आत्यानं सतरंजी घातलेली, नवीन लुगडं. थर्मास जीपमधून उतरेचना. बाईच म्हणाल्या, "या ना डॉक्टर, तुमच्याच लोकांत आलोय." आला.

त्यानं आत्याला ओळखलं नाही. आधी कुबड्या बघितल्या, मग चेहरा. मग ओळखलं.

आत्यानं एकेकाला चहा दिला. पाहुण्यांनी घेतला. थर्मासपुढं कप धरला तर तो म्हणाला, "मी नाही घेत. आत्ताच झाला माझा."

"साखर कमी घातलीया डागदर. तुमीच सांगितलं हुतं न्हवं माईकवर." हात तसाच पुढं. एका कुबडीवर उभी होती ती.

पुण्याच्या बाई बघत होत्या. घ्यावाच लागला.

पण पीत नव्हता. साय धरेपर्यंत हातात. बाई गप्पांत आत्याला म्हणाल्या, "पहिल्या कॅम्पलाही असाच चहा पाजला असेल तुम्ही सगळ्यांना!"

आत्यानं माझ्याकडं बघितलं. रखमा दाराशी उभी होती, तिनंही.

"व्हय की," आत्या म्हणाली. "समद्यास्नी. तपासायच्या आदी. ह्ये तेवडं जीपमदी हुते."

बाई हसल्या. त्यांना काही कळलं नाही. थर्मासला कळलं. डॉक्टर आहे शेवटी. चेहरा आधी लाल झाला आणि मग पार उतरला. तक्त्यासारखाच. त्यानं एकदा पातेल्याकडं बघितलं, एकदा बाईंकडं, एकदा माझ्याकडं.

"ही माझ्या भावाची लेक बरं का डागदर," आत्या म्हणाली. "लय शिकल्याली. समदं लिवती."

मग त्यानं चहा प्यायला. सायीसकट, घटाघट. आम्ही सगळ्या बघत होतो.

जीपकडं जाताना माझ्याशेजारी येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, रिपोर्टचं... चहाचं काय करायचं आपण?"

आपण!

मी म्हटलं, "बघते सर. अजून ठरलं नाही." आणि मुद्दाम मागं राहिले, आत्याकडं. आज रात्री सांगलीला त्याला झोप लागणार नाही.

१९ जाने., आत्याकडेच

रिपोर्ट उद्या द्यायचा आहे. ती पानं बॅगेत आहेत. बॅग खुंटीला. सकाळी शालन येऊन नुसतीच बसून गेली. मंगळवार परवाच.

आत्याला विचारलं, घालू का पानं?

"तुजं तू बग." काल पडलेले कप धुवत होती. पाहुण्यांचे विसळून फळीवर मांडले. एक उरला. तो विसळला, कुबडी घेऊन लंगडत बाहेर गेली आणि वळचणीला खोचला.

"ह्यो त्येचा," म्हणाली. "परत आला तर ह्येच्यातच."