हजर असल्याची सही

४ मार्च, मंगळवार

माझीच सही आहे. सातवा रकाना – 'तपासणीच्या वेळी हजर परिचारिका'. मेट्रननी रजिस्टरचं पान पुढे सरकवलं, बोट ठेवलं. "तुझीच ना?" माझीच. शेवटचं अक्षर नेहमीसारखं खाली घसरलेलं.

एका बाईने आमच्या डॉक्टर सरांविरुद्ध तक्रार केली आहे. १९ नोव्हेंबरला पोटदुखीसाठी आली होती. तपासताना सरांनी नको तिथे हात लावला, नको म्हटलं तरी थांबले नाहीत, असं तिने लेखी दिलं आहे. चौकशी समिती बसली आहे. सरांचं उत्तर एका ओळीचं – सिस्टर पूर्ण वेळ आत होत्या, रजिस्टर पाहा.

मी आत होते का? आठवत नाही. दिवसाला चाळीस पेशंट, चार महिन्यांपूर्वीची गोष्ट. खरंच आठवत नाही.

५ मार्च, बुधवार

सह्यांचं नीट लिहून ठेवते, म्हणजे डोकं तरी ताळ्यावर येईल.

नियम असा की बाई पेशंट तपासताना परिचारिका आत हवी, आणि तपासणी झाली की तिने तिथल्या तिथे सही करायची. करतं कोण? सात वर्षांपूर्वी मी इथे लागले, त्या पहिल्याच दिवशी मेट्रन म्हणाल्या, "बाहेर रांग लागलेली असते. एकेक सही करत बसलीस तर झालंच! संध्याकाळी एकदम उरकायच्या." तेव्हापासून साडेपाचला रजिस्टर ओढायचं आणि वरपासून खालपर्यंत चाळीस सह्या. अर्धं लक्ष घड्याळाकडे. कोणत्या ओळीला आत होते, कोणत्या ओळीला सरांनी कशाला तरी बाहेर पाठवलं होतं, कोण बघतं?

मी बघायला हवं होतं.

७ मार्च, शुक्रवार

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं – सात वर्षांत पहिल्यांदा.

"सिस्टर, घाबरू नका हं. तुमच्यावर काही येणार नाही. तुम्ही होतातच की आत." मग हसून, "आणि आजी काय म्हणतात? चालतात ना आता नीट?"

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन सरांनीच केलं.

मी म्हणाले, "चालतात सर. थँक्यू सर." थँक्यू!

९ मार्च, रविवार

नवऱ्याला सांगितलं. आधी थट्टा. "तुला घरातून निघताना गॅस बंद केला का ते आठवत नाही, अर्ध्या रस्त्यातून परत येतेस. नोव्हेंबरचं काय सांगणार?" मग माझा चेहरा बघून टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "खोटी सही केली असं स्वतःच्या तोंडाने सांगणार? अगं, नोंदणी रद्द होईल. पुढे कुठलंच हॉस्पिटल उभं करणार नाही."

खरं आहे ते. भीती वाटते. पंचेचाळिसाव्या वर्षी दुसरं काय येतं मला?

आणि समजा ती बाई खोटं बोलत असेल तर? – हे वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. किती सोयीचं आहे!

१० मार्च, सोमवार

तक्रार करणारी ती भेटली. जिन्यात, समोरासमोर. पंचविशीची असेल, ग्रंथालयात काम करते, हातात समितीचा लिफाफा. मी बाजूला झाले. ती थांबली. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

"सिस्टर, तुम्ही जाताना दार ओढून घेतलंत ना. मला वाटलं, लगेच याल."

एवढंच. खाली उतरून गेली.

ते दार आपोआप लागत नाही. ओढून, वर उचलून घ्यावं लागतं. "दार घ्या ओढून" – सर दर वेळी सांगायचे. कडीचा गारवा आत्ता हाताला जाणवतोय. पण तो त्याच दिवसाचा कशावरून? की तिने सांगितलं म्हणून आठवतोय?

१२ मार्च, बुधवार

दोन दिवस एकच विचार. सर मला बाहेर कधी पाठवायचे? वयस्क बायका असल्या की, "सिस्टर, हात धरा त्यांचा, घाबरल्यात." तरुण मुली असल्या की फाईल आणा, रिपोर्ट आणा, एक्स-रे वरून आणा. दर वेळी नाही. पण बरेचदा.

आणि मागच्या उन्हाळ्यातली एक. दुसरीच कुणीतरी, नाव आठवत नाही. बाहेर आली तर शर्टाची बटणं चुकीच्या काजांत. मीच सोडून नीट लावून दिली, आईसारखी. म्हटलं, "घाई झाली वाटतं!" ती मान खाली घालून निघून गेली. मी पुढचा नंबर पुकारला.

१३ मार्च, गुरुवार

मेट्रनना सांगितलं, मी समितीपुढे सह्यांचं खरं सांगणार आहे. त्यांनी कपाटाचं दार धाडकन लावलं.

"आणि बाकीच्यांचं काय? सगळ्याच तशा करतात. तू तोंड उघडलंस की बारा जणींच्या सह्या खोट्या. तू तेवढी हरिश्चंद्राची मुलगी, आम्ही चोर?"

"मी फक्त माझ्या सह्यांचं –"

"फक्त! रजिस्टर काय तुझ्या माहेरचं आहे?"

दुपारी जेवायच्या टेबलावर माझ्याजवळची खुर्ची रिकामी. एक जण डबा घेऊन आली, मला बघून वळली. तिला दोन लहान मुलं आहेत. तिच्यावर कसं रागवू?

१५ मार्च, शनिवार

सासूबाईंच्या कानावर गेलंच. सर म्हणजे त्यांचा देवमाणूस. सकाळीच सुरू – "त्या पोरीचा काहीतरी गैरसमज. डॉक्टरला हात लावावाच लागतो." मी भांडी विसळत राहिले. थोड्या वेळाने मागे येऊन उभ्या राहिल्या.

"तू आत होतीस का पण?"

"नसेन असं वाटतं, आई."

"वाटतं काय? होतीस की नव्हतीस?"

"बहुतेक नव्हते."

ओट्यावरचं फडकं उचलून त्याची घडी घातली. मग, "मग होते म्हणून कशाला सांगायचं?" आणि आत जाऊन पडून राहिल्या. जेवल्या नाहीत.

१७ मार्च, सोमवार

सांगितलं. समितीपुढे, सगळं – सह्या साडेपाचला, बघितल्याशिवाय. बाहेर पाठवणं. दार. बटणांची मुलगी.

समितीवरच्या वकीलबाईंनी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही बाहेर होतात, हे त्या दिवसाचं आठवतं की एकूण पद्धतीवरून सांगताय?"

मी म्हणाले, पद्धतीवरून.

सरांचा वकील पुढे झुकला. "म्हणजे त्या दिवशी आत असूही शकाल?"

काय म्हणायला हवं होतं? शपथ घेतली होती. म्हणाले, "असू शकेन."

त्याने वही मिटली. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला. बाहेर बाकावर ती ग्रंथालयातली मुलगी. तिच्याकडे बघता आलं नाही.

नवरा संध्याकाळी म्हणाला, "सांगायचंच होतं तर ठाम तरी सांगायचंस!" प्रामाणिकपणा होता की आणखी एक पळवाट? मलाच कळत नाही.

१८ मार्च, मंगळवार

निलंबनाचं पत्र आलं. मला. सर ओपीडीत बसले आहेत. माझ्या जागी नवी मुलगी आहे, वर्षभरही झालं नसेल नोकरीला. परवा निकाल.

१९ मार्च, बुधवार

मागच्या वर्षीची ही अशीच वही कपाटात, स्वेटरांखाली होती. पंधरा दिवस मला ते माहीत होतं. एकदाही काढली नाही. आज काढली.

'१९ नोव्हेंबर. पोटदुखीची मुलगी आत, आणि सरांनी परत फायलीसाठी वर पिटाळलं. फाईल टेबलावरच होती! बरं झालं, चहा तरी गरम मिळाला. आले तर ती बाकावर रडत होती. विचारलं नाही, उगाच लांबण लागली असती.'

वकीलबाईंना फोन केला. म्हणाल्या, ती वही आणा, आणि आत्ताची लिहीत असाल तर तीही.

दोन्ही घेऊन निघते आहे.