सासऱ्यांना घराबाहेर काढलं तेव्हा

जांभळेवाडी, ता. अकोले

ती. आईला अश्विनीचा वाकून नमस्कार.

फोनवर तुला रडू येतं, म्हणून लिहितेय. आम्ही सगळे सुखरूप आहोत.

मंगळवारी सकाळपासून भूकंपाचे चार धक्के बसले. सगळं गाव शाळेच्या मैदानात गेलं, पण लकवा झालेले माझे सासरे ऐकेनात. "मला इथंच राहू द्या, तुमी जा," म्हणाले. ह्यांनी विनवलं, सासूबाई रडल्या. शेवटी मी बाळाला घेऊन खाटेशी बसले. म्हटलं, "मग आमीबी इथंच राहतो, मामा."

त्यांनी भिंतीला पडलेल्या भेगेकडं पाहिलं, मग बाळाकडं. "उचला मला," म्हणाले. मैदानातून बोलावलेल्या चौघांनी खाटेसकट बाहेर आणलं.

आता ताडपत्रीखाली राहतो. माझं अंग फार दुखतं, झोपेनं डोळे मिटतात. तुझा गुडघा कसा आहे? दादाला इकडं पाठवू नकोस, घाटात दगड आलेत.

सगळे म्हणतात, सून लई धीराची. खरं तुलाच सांगते. तेव्हा पाचवा धक्का बसला असता, तर मी बाळाला उचलून पळाले असते. मामांकडं वळूनसुद्धा पाहिलं नसतं.

जपून राहा.

तुझीच लेक,
अश्विनी