शिडी धरायला मी आले नाय

प्रिय मंगल,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे पांगले आणि मी वही घेऊन बसले. वर्षभर पोटात दाबून ठेवलेलं आज सगळ्यांसमोर बोलले. मग तुलाच कसं सांगायचं नाय?

कन्नड गावात बापाबरोबर दुकानांच्या पाट्या रंगवणारी तू. माझी सून होऊन आलीस आणि शहराच्या भिंतीच धरल्यास! छावणीच्या बाजारात लसूण विकणारी म्हातारी तू भिंतीवर दोन माणसं उंच काढलीस. ती बिचारी मान वर करून बघतच राहिली. "एवढी मोठी व्हय मी?" लोक फोटो काढायला यायचे. मला लई अभिमान वाटायचा. एकदा तरी तोंडानं बोलले का मी?

उलट टोचत राहिले. "बाईमाणसानं भररस्त्यात शिडीवर चढायचं!" तू हसायचीस. म्हणून अजून राग यायचा.

त्या दिवशी पुंडलिकनगरात, आपल्याच कोपऱ्यावरच्या भिंतीवर, नळाची वाट बघणाऱ्या गल्लीतल्या बाया काढत होतीस. घरी आलीस, हात रंगानं भरलेले. "आत्या, दहा मिनिटं शिडी धरता का? वरचा एकच चेहरा राहिलाय."

"मला वेळ नाय."

वेळ होता गं! टीव्हीसमोर बसले होते. शेजारणी हसतील म्हणून आले नाय. अर्ध्या तासानं लोक ओरडत आले. शिडी सरकली होती.

आज जेवताना तुझ्या वडिलांनी माझ्या संदीपला विचारलं, "जावईबापू, माझी पोरगी तिथं एकटी कशी होती?" त्यानं मान खाली घातली. "मी रजा घ्यायला पाहिजे होती. चूक माझी." वर्षभर हेच म्हणतोय तो.

"तिनं मला बोलावलं होतं," मी म्हणाले. "मी गेले नाय."

तुझ्या वडिलांनी ताट सरकवलं. "विहीणबाई, एवढं सांगायला वर्ष लावलंत?"

संदीप उठला. "बायकोला मीच मारलं म्हणून माझं मन मला खात होतं, माय. तू रोज बघत होतीस ना?"

बघत होते, मंगल. रोज बघत होते.

तो दार लावून बसलाय.

माफी मागत नाय. तेवढं तोंड कुठंय मला? पण शब्द देते, तो बाहेर येऊन काय बोलेल ते ऐकून घेईन. आणि आजवर तुझं नाव निघालं की चहाचं निमित्त करून आत जायचे, तशी आता जाणार नाय. बसून राहीन.

तुझी सासू