मागे घेतलेली संमती

सोमवार, ४ मार्च
फोन मीच उचलला. लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. पलीकडे ती बाई — जिनं आणि जिच्या नवऱ्यानं आपले उरलेले पाच गोठवलेले भ्रूण आम्हाला संशोधनासाठी दिलेत. म्हणाली, "आमचा विचार बदललाय. ते आम्हाला परत हवेत." कारण विचारायचा आम्हाला अधिकार नाही. पेशी काढेपर्यंत संमती कधीही मागे घेता येते, तसा कायदाच आहे. मी म्हटलं, सरांच्या कानावर घालते.
घातलं नाही.
गुरुवारी पेशी काढायच्या आहेत; त्यात भ्रूण नष्ट होतात.

मंगळवार, ५ मार्च
आजही सरांना सांगितलं नाही.
ताईनं सकाळी चहा कपाबाहेर ओतला. टेबल पुसत हसली, म्हणाली कप सरकला. तिला आता फक्त कडेकडेचं दिसतं, समोरच्याचा चेहरा नाही. या भ्रूणांच्या स्टेम सेल्सपासून आम्ही डोळ्याच्या पडद्याच्या पेशी वाढवणार. रुग्णांवरच्या पुढच्या चाचणीच्या यादीत ताईचं नाव मीच द्यायला लावलं. दीड वर्षात भ्रूण द्यायला दुसरं एकही जोडपं तयार झालेलं नाही, आणि संशोधनासाठी म्हणून भ्रूण बनवायला बंदी. म्हणजे हे पाच, नाहीतर काहीच नाही!

बुधवार, ६ मार्च
सरांनी विचारलं, कागदपत्रं ठीक? मी मान डोलावली. त्या बाईचा आवाज घाबरा असता तर बरं झालं असतं. तो आनंदी होता.

गुरुवार, ७ मार्च
गोठवलेल्या भ्रूणांची टाकी उघडायच्या आधी सरांना सांगून टाकलं. ते हातमोजे चढवत राहिले.
"मला माहीत आहे. तिचं पत्र गेल्या शुक्रवारीच आलंय." मग आवाज खाली आणून — "ताईचा विचार कर. मी वाचलं नाही, तू ऐकलं नाहीस."
तीन दिवस मी स्वतःला हेच सांगत होते. त्यांच्या तोंडून ऐकलं आणि शिसारी आली — माझीच. टाकीच्या कुलपाची किल्ली मुठीत घेऊन सरळ नैतिकता समितीच्या बाईंकडे गेले. सगळं लिहून दिलं, माझे तीन दिवससुद्धा. काम थांबलं. भ्रूण त्या जोडप्याला परत मिळतील. मी चौकशी होईपर्यंत घरी.
ताईला काय सांगू?

शुक्रवार, ८ मार्च
सांगितलं. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "यादीतून नाव मी दोन महिन्यांपूर्वीच काढून घेतलं गं. तू इतक्या आशेनं बोलायचीस, सांगवेना."