मागच्या खोलीची व्यवस्था

मी, अहल्याबाई, कै. वासुदेवराव यांची पत्नी, वय चौऱ्याहत्तर, राहणार चिकपेटच्या मागच्या गल्लीतले स्वतःचे घर, बेंगळुरू, आज गच्चीवर उन्हात बसून हे मृत्युपत्र सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. फुप्फुसाचे तसे नाही. मला क्षय झाला असून सात आठवडे गोळ्या चालू आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही. धाक मीच घालते आहे, आणि तो माझा मुलगा श्रीहर्ष याला. ज्या जुन्या मृत्युपत्रात मी घर त्याला दिले होते ते रद्द समजावे.

लिहून घेणारा माझा चुलतभाऊ बिंदुमाधव, कोर्टातला निवृत्त कारकून. तो म्हणतो, अक्का, यात खोकल्याबिकल्याचे लिहीत नाहीत. मी म्हटले, कागद माझा आहे, तू मुकाट लिही.

कारण असे. श्रीहर्षची मुलगी सिद्धी, वय वीस, तीन आठवडे खोकते आहे. आरोग्य केंद्रातला बसवंत दोनदा येऊन तिची थुंकी तपासा म्हणून सांगून गेला. श्रीहर्षचे म्हणणे, रविवारी धारवाडची मंडळी मुलगी बघायला येतात, ते एकदा पार पडू दे. काल मी त्याला या कागदाचा मसुदा वाचून दाखवला. आज सकाळी तो तिला घेऊन तपासायला गेला. निकाल दुपारी फोनवर कळेल. आता साडेअकरा झाले आहेत. फोन आलेला नाही.

कलम पहिले. हे घर, तळमजल्याचे गोदाम, मधले बिऱ्हाड, वरचा मजला व गच्ची यांसह, माझ्या पश्चात एकट्या सिद्धीच्या मालकीचे होईल. श्रीहर्षने हयातभर येथे राहावे. बँकेत असेल ते त्याचे. मात्र मधल्या बिऱ्हाडाची मागची खोली, जिथे मी आणि सिद्धी झोपतो, तिची बुजवलेली खिडकी सोमवारी गवंडी येऊन फोडणार आहे. ती कोणीही, कोणत्याही कारणाने, पुन्हा बुजवायची नाही. मी डोळे मिटले की श्रीहर्ष तिथे भिंत घालून दोन भाडेकरू ठेवील हे मला पक्के ठाऊक आहे. त्याला ते मीच शिकवले आहे.

कलम दुसरे. खिडकी बुजवली मी, चौदा वर्षांपूर्वी. शेजारच्या उल्हासने त्याचे घर आमच्या भिंतीपासून हातभर अंतर सोडून तीन मजले वर नेले आणि त्यात भाड्याने पोरे ठेवली. ती पोरे सकाळी सकाळी अंडी तळत. मागची खोली म्हणजे तेव्हा माझे देवघर, माझ्या मडीची, सोवळ्याची जागा. मडीचे लुगडे मी तिथेच वाळत घालायची. वास थेट देवापर्यंत यायचा. मी भांड भांड भांडले, कोणी ऐकेना, तेव्हा विटा लावून मोकळी झाले. उल्हास म्हणाला होता, अज्जी, नुसती खिडकीची दारे लावून घ्या, विटा कशाला? त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलत नाही. आता लिहून देते की त्यांनी अंडी तळावीत, मासळी तळावी, या घरातून तक्रार जाणार नाही. हातभर अंतरावर घर बांधणे चूकच होते, तेवढे मात्र मी सोडणार नाही.

कलम तिसरे. वरच्या मजल्यावर एकच मोठा हॉल होता, दोन खिडक्यांचा. मी प्लायवूड ठोकून त्याचे पाच खण केले आणि खणात दोन दोन माणसे घातली. खिडक्या आल्या फक्त टोकाच्या खणांना. मधल्यांना भर दुपारी दिवा लावावा लागतो. तिथे मल्हार नावाचा नागपूरचा मुलगा राहायचा, कोरमंगलाला कामाला जायचा. तीन वर्षांपूर्वी त्याला क्षय निघाला. तूच हा रोग माझ्या घरात आणलास असे म्हणून मी त्याला त्याच दिवशी बॅगेसकट बाहेर काढले. परवा बसवंतने विचारले, इथे आला तेव्हा कसा होता? मी म्हटले, धडधाकट होता, जिना चढताना शिट्टी वाजवायचा. मग त्याने रोग आणला कुठून, इथूनच नेला असणार. तो आता के. आर. पुरमला असतो. मी दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. त्याचा इथे राहिलेला कुकर श्रीहर्षने जाऊन द्यावा आणि माझी चूक झाली असे तोंडाने सांगावे. प्लायवूड काढून वर चारच माणसे ठेवावीत, आणि आत्ता आहेत त्या दहाही जणांची तपासणी करून घ्यावी. चौघांत भागत नाही असे श्रीहर्ष म्हणतो. भागव म्हणावे.

साडेबारा. फोन नाही. साक्षीला बोलावलेला बसवंत आला आहे. कॉफी घेऊन कठड्याजवळ बसला आहे.

कलम चौथे. हे लिहायला बिंदुमाधव तयार नव्हता. माझी सून स्मृती, सिद्धीची आई, नऊ वर्षांपूर्वी गेली. बाहेरच्यांना आणि सिद्धीला मी सांगितले की अंगात उष्णता मुरली होती. तो क्षय होता. देव पुढे हलवून मी तिला मागच्या खोलीत वेगळे ठेवले. ताट वेगळे, लोटा वेगळा, चटई वेगळी. तिचे कपडे सगळ्यांच्या शेवटी धुवायचे आणि मग मी डोक्यावरून नाहायची. वेगळे ठेवणे आमच्या घराण्याला कोणी शिकवायला नको, आणि मला त्याचा मोठा अभिमान होता. सिद्धी तेव्हा दहा-अकराची, आईशिवाय झोपत नसे. ती त्याच खोलीत, दार लावून, आईच्या कुशीत झोपायची. हा रोग ताटा-लोट्यातून जात नाही, कोंडलेल्या हवेतून जातो, हे मला या महिन्यात बसवंतने समजावले. मी वर्षभर ताटे घासत बसले होते.

आणखी लिही, बिंदू. स्मृतीच्या गोळ्या घेऊन तेव्हाही बसवंतच यायचा. दोन महिन्यांत ती सावरली, गालांवर रंग आला. वरचे भाडेकरू विचारू लागले, हा सरकारी माणूस कोणाकडे येतो? मी बसवंतला दारातच सांगितले की सून माहेरी गेली, गोळ्या तिकडेच घेते. स्मृती आत बसून ऐकत होती. मला उलटून बोलायची तिची रीत नव्हती. आठ महिन्यांनी खोकला परत आला, तो साध्या गोळ्यांना जुमानेना. शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "अत्ते, इथे खिडकी असती तर बरं वाटलं असतं." मी तिला कषाय, आपला घरचा काढा, करून दिला. श्रीहर्ष दिवसभर दुकानात असायचा, औषध पुरे झाले असे मी त्याला सांगितले होते. काल मसुदा वाचताना हे कलम मी गाळले. मला या कलमाची फार भीती वाटते.

कलम पाचवे. दोन वाजून दहा मिनिटांनी सिद्धीचाच फोन आला. क्षय आहे. साध्या गोळ्यांना जुमानणारा आहे, सहा महिने घ्याव्या लागतील. माझ्या हातातला लोटा बिंदुमाधवने काढून घेतला.

तीन वाजता दोघे गच्चीवर आले. सिद्धीने तोंडाला मास्क लावला होता. श्रीहर्षने आम्हा सगळ्यांसमोर धारवाडला फोन लावला. "माझ्या मुलीला टीबी आहे. सहा महिने औषध चालेल. रविवारी येऊ नका." दुसरी कोणतीही सबब त्याने सांगितली नाही. मला वाटले होते सांगेल.

मग सिद्धीने मला विचारले, "अज्जी, आईला हेच होतं का?" मी बिंदुमाधवला कलम चौथे मोठ्याने वाचायला सांगितले. त्याने सगळे वाचले. श्रीहर्ष उठून पाण्याच्या टाकीपाशी गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. सिद्धी रडली नाही. तिने बसवंतला एवढेच विचारले की आईने गोळ्या किती दिवस घेतल्या.

"एकसष्ट," बसवंत म्हणाला. त्याच्याजवळ वही नव्हती, काही नव्हते.

सिद्धी माझ्याकडे वळली. "माझ्या गोळ्यांना तू हात लावायचा नाहीस."

कलम सहावे व शेवटचे. सिद्धीच्या गोळ्या तिच्या बापाने द्याव्यात. मी त्यांना हात लावणार नाही, त्यांबद्दल कोणाला काही सांगणार नाही, आणि त्या ठेवतील त्या फळीजवळ जाणार नाही. बिंदुमाधव म्हणतो, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होते. हे कलम आजपासून लागू आहे.

सर्व मजकूर माझ्या नातीसमोर व मुलासमोर वाचला गेला. तो खरा आहे म्हणून त्याखाली सही करते.

सही: अहल्याबाई वासुदेवराव

साक्षीदार:
१. बसवंत, आरोग्य कर्मचारी
२. बिंदुमाधव, निवृत्त कारकून (लेखन यांच्याच हातचे)

ठिकाण: बेंगळुरू
शुक्रवार, दि. २१ फेब्रुवारी २०२५