गाठीपुरती आच

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग घालत नाही, कंबर धरली आहे, नुसताच नमस्कार. भावोजींचा खोकला कसा आहे? भाची अजून तुझ्या रंगाच्या डब्यावर बसूनच अभ्यास करते का? तुझ्या पायाचं विचारत नाही. विचारलं की तू फोन ठेवतेस, म्हणून तर पत्र लिहिते आहे.

ताई, जमलं! "तुझ्या त्या गंजाचं काय झालं गं?" म्हणून चिडवायचीस ना, त्या गंजाने पांग फेडले. लोखंडाचे ते कण डोळ्याला दिसणार नाहीत एवढे बारीक. पाण्यात सुटे राहावेत म्हणून त्यांच्यावर आम्ही पॉलिमरचा पातळ हात मारतो. मग ते सुईने कॅन्सरच्या गाठीत सोडायचे आणि बाहेरून चुंबकाचं वेटोळं चालू करायचं. कण तापतात, गाठ होरपळते, शेजारचं अंग शाबूत राहतं.

घोडं अडलं होतं ते माझ्याच पायी. कण धुताना बाटलीला चुंबक लावून धरायचा. कण काचेला चिकटले की पाणी ओतून द्यायचं. पुन्हा पाणी, पुन्हा चुंबक. आता मी मुलगी कुणाची? भांडं करकरेपर्यंत घासलं नाही तर आईला चैन पडायची नाही. मीही धूत बसायचे, आणि धुता धुता वरचा थरच घालवायचे. मग कण एकमेकांना चिकटून तळाशी गाळ. वर दोष पॉलिमरला! एकदा घाईत कमी धुतलेली बाटली तशीच राहिली, आणि नेमकी तीच शाईसारखी एकजीव राहिली. आमच्या प्रयोगशाळेचे सर म्हणाले, "बाई, तुम्हाला स्वच्छतेचं बक्षीस देऊन घरीच बसवायला हवं." सगळे हसले, मी सगळ्यांत जास्त.

उंदरांवर झालं, परवानगी मिळाली, आणि डॉक्टरांनी पहिला रुग्ण घेतला. ट्रक चालवणारा, मांडीत गाठ. टेबलावर पडल्या पडल्या म्हणतो, "भाजून काढणार का मला?" गाठ सणसणीत ताप चढल्यासारखी तापली आणि तिथेच थांबली. परवा तो तपासणीला आला तेव्हा ती निम्म्याहून लहान झाली होती. पाय त्याच्याच अंगाला. एरवी तोलून बोलणारे आमचे डॉक्टर जिन्यात शीळ घालत होते!

मांडी म्हटल्यावर तू ओळखलंच असशील. तुझ्या मांडीतल्या गाठीपायी पाय काढावा लागेल असं तिथले डॉक्टर म्हणाले, तेव्हापासून तू दवाखान्याची पायरी चढली नाहीस. "एका पायाने शिडी चढून भिंती कोण रंगवतं?" म्हणालीस. तेव्हा माझ्याकडे नुसता गाळ होता. आता तसं नाही. भावोजींनी तुझे रिपोर्ट मला गुपचूप पाठवले. त्यांच्यावर ओरडू नकोस. डॉक्टर म्हणाले, "आणा त्यांना, पण लवकर." खात्री ते देत नाहीत, मीही देत नाही. पण लढल्याशिवाय पाय द्यायचा नाही.

अजून एक. रुग्णाच्या घरचं माणूस या चाचणीच्या कामात चालत नाही. म्हणून मी सोमवारी कामातून बाहेर पडले. वाईट वाटलं का? वाटलं. बाथरूममध्ये जाऊन रडलेही. पण ताई, मी एवढी वर्षं बाटल्या धूत बसले ती कुणासाठी? तू ये.

हट्टात तुझ्यावरच गेलेली,
धाकटी


२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा. मला न विचारता कामातून बाहेर पडलीस! तुझ्या भावोजींवर ओरडून झालं आहे.

पत्र शिडीवर बसूनच वाचलं. गिऱ्हाईकाच्या भिंतीचा शेवटचा हात राहिला आहे, तो आज मारते आणि शनिवारी येते. तुझ्या डॉक्टरांना सांग, गाठ हटली तर त्यांचं घर फुकट रंगवून देईन. नाही हटली तर पाय काढायलाही मी तयार आहे. मला पाय हवा आहे, पण त्याहून जास्त जगायचं आहे. हे घरात अजून कुणाला बोलले नाही.

भीती वाटते गं. थोरलीने असं सांगायचं नसतं, म्हणून फोन ठेवत होते. तुला आत येऊ देणार नाहीत ना? मग दाराबाहेर बस. मी आतून हाक मारीन. ओ दे.

तुझी,
ताई